चढावर थांबलेली गाडी

लाईट गेली तर जाऊ द्या, मोबाईलचे उजेड बंद करा. तोंडावर खालून उजेड पडला की तुम्हीच भुतासारखे दिसता, मग माझी गोष्ट कोण ऐकणार? ही माझ्या मामांवर, उद्धवमामांवर गुदरलेली गोष्ट आहे. मामा बैलाची किंमत सांगताना खोटं बोलायचे, बाकी कधी नाही.

साल छप्पन. नोव्हेंबरची पहिली तारीख, आणि दिवाळीची अवस त्याच रात्री लागली. त्याच दिवशी हैद्राबाद राज्य मोडलं. आपली वांकिडी आंध्रात गेली आणि पलीकडचा राजुरा तालुका मुंबई राज्यात. माणसं जागच्या जागी, पण सोयरे परमुलखातले झाले. मामांना त्याचं काही पडलेलं नव्हतं. त्यांना गाडी जुंपून शेजारच्या प्रयागबाईला राजुऱ्याकडच्या एका खेड्यात न्यायचं होतं, आणि तिथून तिच्या सुनेला घेऊन रातोरात आसिफाबाद गाठायचं होतं. काम एवढंच.

प्रयागबाईला दोन मुलगे. थोरला नागोराव, धाकटा पांडुरंग. दोघांत खळं एक, बैलजोडी एक. पौषात आभाळ भरून आलं आणि आधी कुणाची ज्वारी मळायची यावरून दोघं भांडले. भांडता भांडता पांडुरंगाने गाडीची उभारी, म्हणजे गाडीच्या बाजूला असतो तो उभा दांडा, भावाच्या डोक्यात घातली. नागोराव खळ्यातच गेला. कोर्टात त्याची बायको बयनाबाई म्हणाली की दीर घरूनच दांडा घेऊन आला होता. म्हणजे खून ठरवून केलेला. पांडुरंगाला फाशी झाली.

खरं काय ते प्रयागबाईने डोळ्यांनी पाहिलं होतं. उभारी आधी नागोरावनेच उपसली होती, पांडुरंगाने ती हिसकावून घेतली. पण आईचं कोण खरं मानतो? अपील हैद्राबादच्या कोर्टात होतं. आसिफाबादचे वकीलसाहेब म्हणाले, सून स्वतः येऊन खरं सांगत असेल तर काही करता येईल, नाहीतर पोरगा गेला समजा. ते दुसऱ्या दिवशी हैद्राबादला निघणार होते. आणि सून माहेरी, आता दुसऱ्या राज्यात. तिला पुढे कोणी कसं बोलवायचं, हे वकीलसाहेबांनाही सांगता येईना.

बयनाबाई मनाची खोटी नव्हती हो. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. पोरांना सांभाळू म्हणून सगळ्यांनी हात जोडले, तरी कावळा झाडावरून हलेना. तेव्हा तिने सगळ्यांदेखत नवऱ्याला शब्द दिला की मारणाऱ्याला फासावर चढवीन. तरीही नाही शिवला. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक घरी आले. पण शब्द तर देऊन झाला होता. मेलेल्याला दिलेला शब्द मोडायचा कसा, म्हणून ती अडून बसली होती.

संध्याकाळी तिच्या अंगणात प्रयागबाईने पदर पसरला. एक गेला, दुसरा तरी राहू दे, म्हणाली. सासू सुनेच्या पाया पडली तेव्हा मामांनी तोंड फिरवलं. त्यांना बघवेना. बयनाबाई नाहीच म्हणत राहिली. मग म्हातारी तिथेच मातीत बसली आणि म्हणाली,

"तू शब्द देल्ला, बयना. कावळा शिवला काय? नाई शिवला. मंग माह्या नागोले ते नव्हतं पाह्यजे."

बयनाबाई उठली आणि गाडीत जाऊन बसली. वकिलासमोर तोंड उघडीन असं मात्र ती म्हणाली नाही, आणि प्रयागबाई वाटभर तेच विचारत राहिली. सांगशील ना. सांगशील ना, बाई. मामा म्हणायचे, ते ऐकण्यापेक्षा गाडी टाकून पळून जावंसं वाटत होतं.

मध्यरात्र उलटली. वांकिडीच्या अलीकडे जंगलात चढ लागला. बैलांना ओझं नको म्हणून मामा आणि बयनाबाई खाली उतरले. बयनाबाई कंदील घेऊन पुढे. मामा कासरा धरून तिच्या मागे. गाडीत एकटी प्रयागबाई.

अर्ध्या चढावर बैल थांबले. गाडीत माणूस वाढल्यासारखं जू त्यांच्या मानेत रुतलं होतं. मामांनी चाबूक उगारला. हलेनात.

मागून प्रयागबाईचा आवाज आला. हळू.

"झोप, बयना. थकली तू."

मामांनी पुढे पाहिलं. बयनाबाई कंदील धरून उभी होती. तिनेही ऐकलं होतं.

"मावशी... कोनाले झोपवून राह्यली?"

मामांनी विचारलं.

दोघं मागे गेले. बयनाबाईने कंदील वर धरला. प्रयागबाई डोळे मिटून बसली होती. उजव्या मांडीवर तिचा हात फिरत होता. केसांतून फिरवतात तसा. मांडीवर काहीच नव्हतं... पण लुगडं दबलेलं होतं.

हात एका जागी थांबला. बोटं आत गेली. जिथे डोकं खचलेलं असावं, तिथे.

प्रयागबाईने डोळे उघडले.

"नागो..."

एवढंच. रानात कसलाही आवाज नव्हता. बैलांचा श्वास तेवढा.

मग बयनाबाई त्या रिकाम्या मांडीशी बोलली. नवऱ्याशी बोलावं तशी, खाली मान घालून.

"उभारी तुमीच उपसली व्हती. म्या खोटं बोलली. सकाळी खरं सांगन... भावजीले घरी आनन."

दबलेलं लुगडं सावकाश वर आलं. बैल आपणहून चालू लागले.

आसिफाबादेत तिने सगळं सांगितलं. वकीलसाहेबांनी धडपड केली, कोर्टाने तिचा जबाब पुन्हा घेतला. फाशी टळली, कैदेवर निभावलं. काही वर्षांनी पांडुरंग सुटला तेव्हा त्याला घरी आणायला उद्धवमामाच गेले होते.

घरात आल्या आल्या तो आईसमोर बसला आणि तिच्या मांडीवर डोकं टेकायला वाकला. प्रयागबाईने त्याला हाताने अडवलं. फार मायेने अडवलं, मामा म्हणायचे.

"डाव्या मांडीवर ठेव, बाबू. इकडं तो हाये."

पोरगा येणार म्हणून बयनाबाईने सासूला त्या सकाळीच कोऱ्या लुगड्याची घडी मोडून दिली होती. मामांनी पाहिलं, त्या लुगड्यावर, उजव्या मांडीवर, डोक्याएवढा तेलाचा डाग होता. ओला.