कापडी भिंतींचं घर

जाड कापडाचा तो तागा दोघांनी एकाच वेळी धरला. एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या. गोदामात बाकी कुणीच नव्हतं.

त्याचे स्वतःचे माग होते. तंबूच्या कापडाचा नमुना म्हणून त्याला तो तागा हवा होता. तिला हवा होता भिंतींसाठी.

"पडदे म्हणायचंय का तुम्हाला?"

"भिंती," ती म्हणाली. "आर्किटेक्ट आहे मी. दोन्हीतला फरक कळतो मला."

तो हसला... आणि हातातलं टोक सोडून दिलं.

नदीकाठच्या वस्तीतली पत्र्याची घरं उन्हात भट्टीसारखी तापत. तिथल्या लोकांना परवडेल असं घर तिला उभारायचं होतं. बांबूचा सांगाडा, त्यावर आतून-बाहेरून ताणलेलं कापड, कापडावर चुन्याचा गिलावा आणि मधल्या पोकळीत ठासून भरलेल्या चिंध्या, म्हणजे ऊन बाहेरच्या बाहेर अडेल. तो नुसतं बघायला म्हणून आला आणि बाह्या सरसावून कामालाच लागला.

पहिली भिंत ओल्या गिलाव्याच्या भाराने चांगली फुगली. "भिंतीला दिवस गेलेत गं," वस्तीतल्या काकू म्हणाल्या, आणि सगळ्या बायका पोट धरून हसल्या. तिचा चेहरा पडला. मग तीही हसली आणि थापी घेऊन गिलावा खरवडायला बसली.

तो मागावर परतला. वीण सैल ठेवली की कापड ताणलं जायचं, घट्ट केली की गिलावा धरायचं नाही. त्याने कितीतरी तुकडे विणले, तिने तितकेच नापास केले. कडाक्याची भांडणं झाली. भांडताना तो तिच्या डोळ्यांत बघत राही — आणि तिला पुढचा मुद्दाच आठवत नसे.

अखेर घर ताठ उभं राहिलं.

"पण तू राहशील का यात?" काकूंनी विचारलं.

"राहते की."

आई रडली, बाबांनी अबोला धरला. ती गादी आणि स्टोव्ह घेऊन राहायला आलीच.

एका दुपारी वादळ सुटलं. काकूंचे पत्रे उडाले, तशा त्या सुनेला घेऊन हिच्याकडे धावल्या. पाऊस भिंतींना झोडपत होता. सांगाडा करकरला, पण हलला नाही.

तेवढ्यात तो दारात. नखशिखांत भिजलेला. तिने टॉवेल पुढे केला.

"भिंत आतून कोरडी आहे. तिच्यासाठी एवढे धावत आलात?"

"नाही—" त्याला धाप लागली होती. "तुझ्यासाठी."

'तू' तो पहिल्यांदाच म्हणाला होता. टॉवेलखाली बोटांना बोटं लागली... दोघांनीही हात मागे घेतला नाही.

काकू भिंतीवर तळवा फिरवत होत्या. "माझं घर कधी सुरू करतेस?"

"उद्यापासून."

"आणि आपलं?" त्याने हळूच विचारलं.

"आधी काकूंचं. मग सबंध वस्तीचं. मग आपलं," ती म्हणाली. "थांबशील?"

"नुसता कशाला थांबू? एवढ्या घरांचं कापड विणायचंय," तो म्हणाला आणि तिचा हात आणखी घट्ट धरला.