क्रिस्पीन मामाचा पेला

ही घटना खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. असं काही लिहिणारे लोक नावं बदलतात. मी बदललेली नाहीत, आणि त्याला कारण आहे.

साल २०१९, जानेवारी महिना, म्हणजे आमच्याकडे भर उन्हाळा. पॅराग्वेतलं आमचं पिरिबेबुय गाव. रात्र नव्हती. आमच्याकडे भुतं रात्रीची वाट बघत बसत नाहीत. टळटळीत दुपारी दोनला, सगळं गाव दारं लावून झोपलेलं असताना ती फिरतात.

बाबांना जाऊन नऊ दिवस झाले होते. प्रार्थनेला आलेली माणसं पांगली होती. घरात आई आणि मी, ओब्दुलिया. अठ्ठेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची, शाळेत गणित शिकवणारी. सहजासहजी घाबरणाऱ्यांतली नाही.

दहाव्या दुपारी आवाज आला.

ठक… ठक… ठक…

लाकडी उखळात पाला कुटल्याचा आवाज. तेरेरे म्हणजे आमचा बर्फाच्या पाण्यातला, नळीने ओढायचा चहा; त्याच्या पाण्यात घालायला घरोघर पुदिना कुटतात, पण सकाळी. दुपारच्या झोपेत कोणी कुटत नाही.

आमच्या गल्लीने भर दुपारी हा आवाज फक्त एकदाच ऐकला होता. १९७६ साली.

तेव्हा लष्कराचं राज्य होतं. क्रिस्पीन मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, शेतकऱ्यांची संघटना बांधायचा आणि पोलिसांना चुकवत रानात राहायचा. त्या दुपारी तो चोरून आमच्या ओसरीवर आला होता. तेरेरेचा शिंगाचा पेला त्याच्या हातात होता.

तेवढ्यात कुठेतरी उखळ वाजलं…

पाच मिनिटांत पोलिसांची लाल गाडी दारात. मामा पुन्हा दिसला नाही. त्याची हाडंही मिळाली नाहीत.

तो आवाज म्हणजे खूण होती, हे गल्लीला लगेच कळलं. बोटं वळली शेजारच्या सातुर्निनाकडे. पहिलं बोट आईचं होतं.

खबऱ्याला आमच्याकडे 'केसाळ पायांचा' म्हणतात, कारण त्याची चाहूल लागत नाही. आम्ही पोरं कुंपणावरून सातुर्निनाला तेच ओरडायचो. मी सगळ्यांत मोठ्याने. आणि पुढे तिच्याच मुलावर, एलाद्योवर, माझा जीव जडला. आई म्हणाली, त्या घरात द्यायच्या आधी तुला विहिरीत ढकलीन. एलाद्यो ब्वेनोस आयर्सला गेला आणि तिकडेच संसाराला लागला. माझं लग्न राहिलं ते राहिलंच.

त्यामुळे आवाज ऐकला तेव्हा मी घाबरले नाही. चिडले. म्हटलं, म्हातारीचं मरायच्या वयातही थांबत नाही.

कुंपणापाशी गेले. तिच्या अंगणात चिटपाखरू नव्हतं. कोंबड्या धुळीत पडलेल्या.

ठक… ठक…

आवाज माझ्या पाठीमागून येत होता.

आमच्या स्वयंपाकघरातून.

मी धावत आत गेले. आत कोणीच नव्हतं. आमचं उखळ ओलं होतं. तळाला हिरवा पाला… ताजा.

आई ओसरीवर बसलेली. हात कोरडे. मी विचारलं, तर म्हणाली कसला आवाज. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. बघत होती मामाच्या खुर्चीकडे.

त्या खुर्चीचं सांगायला हवं. तेरेरेचा एकच पेला सगळ्यांत फिरतो. ज्याला पुरे झालं, तो पेला परत देताना 'आभार' म्हणतो. तोवर त्याला पुढचा पेला येतच राहतो. मामाला आभार म्हणायच्या आधीच ओढून नेलं होतं. म्हणून आई रोज एक पेला भरून त्याच्या खुर्चीवर ठेवायची आणि संध्याकाळी झाडाला ओतायची. मी त्याला म्हातारपणाचा हट्ट समजत होते.

त्या दुपारी खुर्चीकडून आवाज आला.

सुर्रर्र… पेला संपताना नळी करते तो.

पेला रिकामा होता.

हे रोज व्हायला लागलं. आधी उखळ, मग पेला. चौथ्या दिवशी सातुर्निनाची नात बोलवायला आली. आजी अंथरुणावरून उठत नाही, तुमची आठवण काढते, म्हणाली. त्या घराची पायरी मी पहिल्यांदाच चढले.

"आवाज तुला पण येतो ना?" सातुर्निनाने विचारलं.

मी मान डोलावली.

"त्या उन्हाळ्यात माझं उखळ तडकलं होतं, पोरी. मी तुमचंच मागून आणायचे. त्या दिवशी सकाळीच तुझी आई ते घेऊन गेली."

संशय पहिल्यांदा बाबांवर गेला. ते गेलेले होते, सोयीचंही होतं. विचारलं, त्या दुपारी बाबा कुठे होते?

"वेन्सेस्लाओ? तो तीन दिवस कोठडीत होता. त्याच संध्याकाळी सोडला त्याला."

हे मला घरात कोणी कधीच सांगितलं नव्हतं.

सातुर्निनाला माझ्याकडून एवढंच हवं होतं, की मरायच्या आधी आईने एकदा तिच्या ओसरीवर येऊन एक पेला घ्यावा. गल्लीला दिसेल असा. माफीबिफी नको म्हणाली.

परत येताना मला बाबा आठवले. मित्रांकडे ते किटलीच्या किटली तेरेरे प्यायचे. घरी कधी नाही. पोटाला सोसत नाही म्हणायचे, आणि नळाचं पाणी प्यायचे.

आईला मी सरळ विचारलं.

"तू पाच वर्षांची होतीस," ती म्हणाली. "पोलीस म्हणाले, नवरा हवा तर भाऊ दे."

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांनी कधी विचारलं नाही. फक्त माझ्या हातचं घेणं सोडलं."

"सातुर्निनाकडे चल, आई."

"नाही."

"ती मरायला टेकलीये."

"मग मला इथे कोण जगू देईल?"

तेवढ्यात स्वयंपाकघरात… ठक.

आई माझ्यासमोर बसली होती. दोन्ही हात मांडीवर.

"रोज येतो," ती हळूच म्हणाली. "पुरे म्हणतच नाही."

आठ दिवसांनी सातुर्निना वारली. आई गेली नाही तिच्याकडे. मयताला सगळी गल्ली जमली होती. माझ्या शेजारची बाई मेणबत्ती सावरत कुजबुजली, केसाळ पायांची सुटली एकदाची. एलाद्यो आला होता. त्याने ते ऐकलं. माझ्याकडे बघितलं. मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं.

मी मान खाली घातली. आई जिवंत होती ना.

गेल्या हिवाळ्यात आईही गेली. मला वाटलं, आता तरी थांबेल. थांबलं नाही. आता मामाचा पेला मी भरते. उखळ रोज वाजतं, पेला रोज संपतो.

गल्लीत तोंड उघडायची हिंमत मला अजून नाही. म्हणून इथे लिहिते आहे, खऱ्या नावांनी. सातुर्निनाने काहीच केलं नव्हतं. उखळ आमचं होतं. हात माझ्या आईचे होते. आणि गप्प मी बसले.

लिहायला बसण्याआधी मी नेहमीसारखा पेला भरून खुर्चीवर ठेवला होता. आता तीन वाजून गेलेत. बर्फ विरघळला.

आज उखळ वाजलं नाही.

पेला तसाच भरलेला आहे… मामाला पुरे झालं म्हणून, की त्याला माझ्या हातचं नको म्हणून, ते मला कळत नाही.