राणीसाहेबांचा डावा पाय

अर्धी बादली पाणी अंगावर आलं, तेव्हा डॉक्टरीणबाई तबेल्याच्या दारातच होत्या.

"अहो! मी घोडी तपासायला आलेय, अंघोळीला नाही."

"माफ करा हं... मला वाटलं, आमचे म्हातारे डॉक्टर येतील. ते आधी खाकरतात तरी." जॉकीनं जीभ चावली, आत पळाला आणि वाफाळत्या चहाचा पेला तिच्या हाती ठेवला. "भिजवल्याचा दंड."

ती चांगलं सुनावणार होती. पण त्याच्यामागे घोडी वळली, आणि शब्द ओठांतच राहिले.

उद्याची मोठी शर्यत हिच्याच पायांवर होती. ओली, तांबूस कांती... आणि त्याखाली सळसळणारे स्नायू, जणू आत वारा कोंडलाय. सगळा तबेला तिला राणीसाहेब म्हणायचा, ते उगाच नाही! दोन्ही हातांत पेला धरून ती नुसती बघत राहिली.

"मीही पहिल्यांदा असाच उभा होतो," तो हळूच म्हणाला. "आमचे मालक, मामा, ओरडले — तोंड मिट, माशी जाईल."

ती हसली. पेला रिकामा करून तिनं स्टेथोस्कोपच्या नळ्या कानाला लावल्या. संथ, खोल ठोके... दूर कुठंतरी मोठं दार उघडावं, मिटावं तसे. एवढा वेग, आणि आत ही शांतता! न राहवून तिनं नळ्या त्याच्या कानाला लावल्या. रोज त्याच पाठीवर बसणारा गडी, श्वास घ्यायचा विसरला.

मग ती खाली बसली, पुढच्या पायांवरून तळहात फिरवले. सूज नाही, ऊब नाही.

"ठणठणीत! पळेल उद्या."

त्याचा चेहरा असा उजळला! मोठ्या शर्यतीतली त्याची ही पहिलीच स्वारी. तिला उठवायला त्यानं हात पुढे केला. तिनं तो धरला... आणि सोडलाच नाही.

"डॉक्टर... घोडी बघतेय."

"तुमचा हात इतका गार कसा?"

"घोडी धुताना बादलीतच होता ना. तुमचाच गरम आहे, चहानं."

तिनं हात सोडून आपल्या तळव्यांकडे पाहिलं. तापलेल्या हाताला बारीकशी ऊब कळणार कशी?

"तुम्ही बघा. दोन्ही पाय."

तो वाकला. उजवा पाय चाचपला. मग डावा... तिथं बोटं थांबली. सारखेच आहेत, एवढं म्हटलं की उद्याची शर्यत त्याची होती. कोण विचारणार होतं?

"डावा गरम आहे," तो म्हणाला. "थोडासाच."

तिनं बादलीत हात बुडवले, चांगले गार होईस्तोवर. पुसले, क्षणभर थांबली, मग पाय धरला. होता, गरम होता.

"पळाली तर?"

"ऊब म्हणजे आत दुखापत आहे. पाय कायमचा जाऊ शकतो."

त्यानं उद्यासाठी काढून ठेवलेलं खोगीर पुन्हा खुंटीला लावलं. राणीसाहेबांच्या मानेवर कपाळ टेकवलं. "मामांना मीच सांगतो. तुम्ही मागे थांबा... ते फार ओरडतात."

मघाशी घोडीकडे बघताना झालं होतं, तसंच तिला आता त्याच्याकडे बघताना झालं.

"मला... रोज यावं लागेल. पाय बरा होईपर्यंत."

"आणि बरा झाल्यावर?"

ती स्टेथोस्कोप गुंडाळू लागली. त्याची नजर तिच्या लालबुंद बोटांवर गेली.

"अरेरे, आता तुमचेच हात गारठलेत."

"मग धरा ना..."