मागून हाक

मोबाईल उलटे ठेवा आणि ऐका. घाबरायचं तर घाबरा, पण मधे कोणी उठायचं नाही. हे माझ्या चुलतभावाच्या, चांगदेवच्या बाबतीत घडलंय. अंजूरला रिक्षा चालवतो, दारूला शिवत नाही, म्हणून सांगते.

गेल्या वैशाखातला मंगळवार, वद्य दशमी. दुसऱ्या दिवशी पुतणीची हळद आणि शिंप्यानं ब्लाऊज अडकवून ठेवलेले. चांगदेव निजामपुऱ्यात गेला, शिंप्याच्या डोक्यावर बसून ते शिवून घेतले. निघाला तेव्हा साडेअकरा झालेले. चंद्र अजून उगवायचा होता.

गोडाऊनच्या रस्त्याला, वजनकाट्यापाशी एकानं हात केला. पंचविशीचा पोरगा. अंगात जाड फौजी कोट, तोही असल्या उकाड्यात. खाडीवर चला म्हणाला, हिंदीतून.

चांगदेव गिऱ्हाईकाच्या सात पिढ्या विचारणारा. त्या रात्री त्याची जीभच उचलेना. मानेवर गार वारा येत होता. आरशात बघितलं. सीट रिकामी.

मान वळवली. पोरगा बसलेला.

परत आरशात बघितलं नाही.

खाडीच्या बांधाशी रिक्षा थांबली. रिक्षाच्या दिव्याच्या उजेडात, पार टोकाला, कोणीतरी उभं. पाण्याकडं तोंड. चांगदेवनं पाठीवरून ओळखलं. आमच्या शेजारच्या गुणाबाईचा पोरगा, दीपेश. फौजेतला. सुट्टी संपलेली, सकाळची गाडी होती त्याची.

"आवाज दो उसको, चाचा," मागचा म्हणाला. "मेरी नहीं सुनता."

"निघालेल्या मान्साला मागून हाक मारू न्हाय," चांगदेव पुटपुटला.

मागचा पुढं वाकला.

मग अगदी हळू. "मुझे भी किसी ने आवाज नहीं दी थी."

चांगदेवनं हाक मारली. दीपेश हलला नाही. पुन्हा मारली.

तिसऱ्या हाकेला आवाज फाटला.

दीपेश वळला... आणि मटकन खाली बसला.

चांगदेव धावला, त्याचा हात धरला तो सोडलाच नाही. मागं बघितलं तेव्हा रिक्षात कोणी नव्हतं.

उजाडेपर्यंत दोघं बांधावर. चांगदेवनं अक्कल शिकवली नाही, नुसतं ऐकलं. दीपेश बोलला, वर्षभराचं साचलेलं. वर बर्फातल्या पोस्टवर त्याचा जोडीदार होता, रामसेवक. त्यानं स्वतःचा जीव घेतला. आदल्या रात्री तो ताटावरून न जेवता उठला, ते दीपेशनं बघितलं होतं. काय झालं, एवढं विचारलं नव्हतं. तेव्हापासून ह्याला झोप नाही.

"कोट घालायचा का रे तो?" चांगदेवनं विचारलं. "तुला कसं ठाऊक, काका?" दीपेश म्हणाला.

आणि सुट्टीत आम्ही काय केलं? शाळेत नेऊन हार घातला. मिशीसकट फोटो काढले. वाघ म्हणालो. वाघाला कोण विचारतं, झोपलास का म्हणून? मीसुद्धा फोटोत आहे, पुढच्या रांगेत.

गुणाबाई तर जागी होती. पोरगा अर्ध्या रात्री दार उघडून निघाला, तिनं बघितलं. हाक ओठावर आली आणि तिनं गिळली. ड्युटीवर जायचा पोरगा, मागून हाक मारली तर अपशकुन. मी तिला ताडताड बोलले. मग तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडले.

सकाळची गाडी त्यांनी जाऊ दिली. चांगदेव त्याला घेऊन फौजेच्या दवाखान्यात गेला. डॉक्टर गोळ्या देतात, समोर बसवून बोलतात. बरा झाला असं नाही म्हणणार मी. पण परवा गुणाबाईकडं गेले तर भाकर मागून घेत होता.

त्या सकाळचं एक राहिलं. घरी आल्यावर चांगदेव ब्लाऊज काढायला रिक्षापाशी आला, तेव्हा ऊन चढलेलं. मागच्या सीटपुढं, पाय ठेवतात तिथं, मूठभर बर्फ. आपल्या कोळणी टोपलीत टाकतात तसला नाही. भुसभुशीत, पांढरा, पिठासारखा. मी स्वतः बोट लावून बघितला. दुपारी हळद लागली, मांडव तापला, रिक्षा उन्हातच उभी होती.

तो वितळला नव्हता.