मागच्या बंडीची घाटी

रामरावबुवांनी शेकोटीत पऱ्हाटी सरकवली अन् पोरांकडं पाह्यलं.

"रातच्याले निघून राहिले अन् बैलायच्या गळ्यातल्या घाट्या काढून ठेवल्या? काहून? बांधा आधी. मोर्शीच्या खुशालरावची गोष्ट तुमाले ठाऊक नाही, म्हणून असं सुचते. त्यानं सोताच्या तोंडानं मले सांगितली. खोटं असंल तर जीभ झडो माझी."

चार वर्सांमागची. मार्गेसरातली अमावास्या, शुक्रवार. समुद्रापल्याड कुठंतरी लढाई लागली होती अन् आपल्या कापसाले चांदीचा भाव आला होता. सारे उमरावतीच्या बाजाराकडं पळून राहिले होते. खुशालरावनंही दोन बैलबंड्या भरल्या. पुढची त्याची, मागची लहान भावाची, सहदेवची. मायबाप गेले तवा सहदेव पाळण्यात होता. खुशालरावनंच त्याले लहानाचा मोठा केला.

रातच्या वाटेची रीत एकच. मागच्या बंडीची घाटी पुढच्यानं ऐकत जायची. घाटी थांबली का आपण थांबायचं. पण त्या साली वाटमाऱ्यायची बोंब होती. खुशालरावनं बोजातला कापूस ओढला अन् चारी घाट्यायत ठासून भरला.

"दादा, मागं मी हाव का नाही, तुले कसं समजन?"

"मी काय बहिरा हाव? हाक मार."

पाठीमागं कापसाचा ढीग असला का हाक त्यातच जिरते, हे त्या शहाण्याले सुचलं नाही.

नाला ओलांडला. दोन घटका गेल्या. अन् मागून घाटी वाजली. टण… टण…

खुशालराव चिडला. "काढला वाटते कापूस. सहद्या, बंद कर ते."

उत्तर नाही. तो थांबला का घाटी थांबे, तो चालला का चाले. थंडीच्या राती आवाज लांबून येते, हे त्याले ठाऊक होतं. पण आपण पुढं गेलो का लांबचा आवाज बारीक होते ना? हा होत नव्हता. कोसभर गेला, तेवढाच. आवाज आदळून परत यावा तर डोंगर नाही, भिंत नाही. नुसतं काळं रान.

तो उतरला. जमिनीले कान लावला. बंडी येत असली का तिची घरघर हवेच्या आधी मातीत ऐकू येते.

मातीत काहीच नाही.

चाक नाही. खूर नाही.

वर मात्र… टण… टण…

पुढं पळावं, हेच आलं त्याच्या मनात. मंग भावाचा चेहरा आठवला. त्यानं बंडी वळवली. आता घाटी पुढून वाजे. घाईघाईनं.

नाला आला… बंडी पालथी. सहदेव खाली. अंग अजून कोमट होतं. हाका मारल्या असतीन त्यानं. किती मारल्या असतीन…

बुवांनी शेकोटीत आणखी पऱ्हाटी सरकवली.

"अन् घाटी?" जानरावनं विचारलं. पोरांत तोच थोरला.

"बैल जूं तोडून कडेले उभे होते. घाट्यायत कापूस तसाच. ठासलेला."

"मंग वाजलं काय?"

बुवांनी पासोडीच्या गाठीतून एक पितळी घाटी काढली. "त्यातलीच हे. खुशालरावच्यानं घरात ठेवल्या गेली नाही. कापूस त्यानं तवाच उपटला. हलव."

जानरावनं हलवली. आतला लोळा पितळेवर आदळल्याचं बोटाले कळलं. आवाज आला नाही.