फर्मीनच्या रक्ताची चुगली

तपासणीसाठी रक्त देऊन नेरेइदा खुर्चीतून उठली आणि डाव्या पोटरीत अशी कळ आली, की आधारासाठी पुढे केलेला हात थेट एका अनोळखी माणसाच्या खांद्यावर पडला.

"धरा, धरा... खांदा अजून शाबूत आहे," तो म्हणाला. "पाय तेवढे कुरकुरतात."

हा फर्मीन. सिएनफ्वेगोस बंदराच्या खाडीत त्यानं जन्मभर फेरीबोट चालवली होती. नेरेइदा लग्नाचे पोशाख शिवायची. नवरा जाऊन वर्षं लोटली होती. दोघांच्याही पायांच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या, म्हणून इस्पितळात ही तपासणी. सरकत्या पट्ट्यावर चालायचं, दुखू लागलं की सांगायचं, आणि चालण्याआधी नि नंतर रक्त द्यायचं. पायाला रक्त कमी पडलं, की त्याच्या खुणा रक्तात उतरतात, एवढं तिला समजलं होतं.

दर मंगळवारी ती पट्ट्यावरून लवकर उतरायची. फर्मीन मात्र शीळ घालत चालत राहायचा... तिच्याकडे तिरकं बघत.

"दुखत नाही तुम्हाला?"

"तुम्ही समोर असताना? छे!"

तिला हसू यायचं. मंगळवारी ती ओठांना रंग लावू लागली, ते शेजारणीच्याही नजरेतून सुटलं नाही.

मग एकदा डॉक्टरीणबाई अहवाल घेऊन आल्या. "फर्मीन, तुम्ही खुशाल शीळ घालता, पण रक्त वेगळंच सांगतंय. पाय उपाशी आहे तुमचा. दुखणं असंच लपवलंत, तर एक दिवस पाय गमावून बसाल."

फर्मीनचा चेहरा उतरला. नेरेइदानं त्याला व्हरांड्यात गाठलं.

"कुणासाठी चालली होती ही मर्दुमकी?"

"तुमच्यासाठीच की... लंगडा म्हातारा कुणाला हवा असतो?"

"माझा नवराही असाच — काही नाही, काही नाही म्हणता म्हणता गेला." ती म्हणाली. "मला पुन्हा तसला माणूस नको, फर्मीन. दुखलं की सांगणारा हवा."

 त्याच संध्याकाळी तो तिच्या दारात येऊन उभा राहिला, आणि दोघं समुद्रकाठच्या रस्त्यानं निघाली. दोन चौक गेले नसतील, तोच तो थबकला. कठड्यावर बसला.

"नेरेइदा... दुखतंय गं."

"कुठे?"

"पोटरीत. आणि... तू घरी निघालीस, की इथंही." त्यानं छातीवर हात ठेवला.

"अगं बाई! छातीत? डॉक्टरीणबाईंना सांगितलंस?"

"त्याचं औषध त्यांच्याकडे नाही."

"मेला चावट," म्हणत ती त्याच्या शेजारी बसली. वारा खारा होता, त्याचा हात उबदार. पोटरीतली कळ हळूहळू ओसरली... तरी दोघं उठली नाहीत.