सीटखालचा रिले

आमच्या वर्कशॉपच्या आवारात तो शिरला तोच उलटा. म्हणजे गाडी मागे घेत, आणि आत्याची लोखंडी खुर्ची आडवी करत. सुदैवाने त्या वेळी आत्या खुर्चीत नव्हती. दुर्दैवाने ती खिडकीत होती.

गाडी म्हणजे डिझेलवर चालणारं अख्खं घर. ओटा, पलंग, पडदे, दाराशी पायपुसणं. तो उतरला – उतरताना त्याने पायपुसण्यावर पाय पुसले, जणू घाण आमच्या आवारात नेऊ नये – आणि विचारलं, इलेक्ट्रिशियन कोण? मी म्हटलं, मी. इथे बहुतेक गिऱ्हाइकं माझ्या मागे कुणी उभं आहे का ते बघतात. त्याने बघितलं नाही. तेवढ्यावरून कुणी प्रेमात पडत नाही, हे मलाही कळतं. पण सुरुवात कुठून तरी करावी लागते...

आत्या आमच्याकडे स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसते. खुर्ची सरळ करता करता तिने त्याचं नाव ठेवलं – विंचू. बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडतो म्हणून.

विंचू रस्त्यांची मोजणी करणारा सर्व्हेअर होता. महिनोन्‌महिने गाडीतच राहायचा. तक्रार अशी की इंजिन ठणठणीत, पण दिवसभर गाडी पळवूनही संध्याकाळी आतले दिवे मिणमिणतात आणि फ्रिज गपगार. अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात, एक इंजिनाची आणि एक घराची. इंजिन चालू असताना घराची बॅटरीही भरावी म्हणून मध्ये एक रिले बसवतात. काडेपेटीएवढा डबा. इंजिन सुरू झालं की तो टक करतो आणि दोघींना जोडून देतो. थोडक्यात, मध्यस्थ.

हे सगळं मी त्याला समजावून सांगणार, तेवढ्यात तो म्हणाला, "एक मिनिट हं... इंजिनियरला विचारतो."

स्पीकरवर बाईचा आवाज आला. शांत, स्वच्छ, इस्त्री केलेला. तिने तीन प्रश्न विचारले आणि निकाल दिला. "ड्रायव्हरच्या सीटखालचा रिले गेलाय. ताईंना मोजायला सांग."

ताईंना. मी एकोणतीस वर्षांची आहे. तो तिला "हो गं, हो गं" म्हणत होता आणि मला मघापासून मॅडम. त्या क्षणी मी ठरवून टाकलं की या गाडीत काहीही गेलेलं असेल, रिले गेलेला नाही.

सीट उचलली, रिलेवर बोट ठेवलं, त्याला इंजिन सुरू करायला लावलं. बोटाखाली टक झालं. बघा, म्हटलं, टक करतोय. शाबूत आहे.

आता या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल, की टक म्हणजे नुसती आतली पट्टी हलली. पट्टीची टोकं जळलेली असली तर टक होतं, पण वीज पुढे जात नाही. म्हणून मीटर लावून बघायचं असतं, रिलेच्या अलीकडे किती व्होल्ट आणि पलीकडे किती. अर्ध्या मिनिटाचं काम. आठ वर्षांत मी ते एकदाही टाळलं नव्हतं. त्या दिवशी टाळलं. मीटर लावला आणि ती बरोबर निघाली तर?

पहिल्या दिवशी मी इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर उतरवला, तपासला आणि परत चढवला. उत्तम होता. दुसऱ्या दिवशी अर्थिंगच्या तारा घासून लख्ख केल्या. फरक शून्य. घराची बॅटरी चार्जरला लावली तर बिचारी तुडुंब भरली. निर्दोष सुटलेल्यांची यादी वाढत चालली होती.

तो सारखा जवळच असायचा, टॉर्च धरून. प्रकाश मात्र जिथे पाहिजे तिथे पडत नव्हता.

"टॉर्च तारांवर धरा."

"तारांवरच आहे की."

"माझ्या कानामागे तारा नाहीत."

"नाहीत..." तो म्हणाला, "पण ग्रीस आहे. तेच बघत होतो." आणि खिशातला रुमाल काढून माझ्यापुढे धरला. स्वतः पुसायला आला नाही. मी तो रुमाल अजून परत दिलेला नाही.

असं सगळं सुरळीत चालावं, तर रोज संध्याकाळी सहाला फोन वाजायचा. तो गाडीमागे जाऊन बोलायचा, हसायचा. मी त्या वेळात काम सोडून पडदे बघत बसायचे. पडदे कुणी शिवले, हे मी अगदी सहज विचारलं होतं. इंजिनियरने. खिडकीच्या मापात, सूतभर कमी नाही की जास्त नाही. मी सगळ्या शिवणी तपासल्या. एक टाका वाकडा असता तरी मला शांत झोप लागली असती.

आत्याने विचारलं, त्या विंचवाच्या घरात दोन दिवस काय शोधतेस? मी म्हटलं, बिघाड. ती म्हणाली, तो सापडू नये म्हणून इतकी मेहनत करणारी तूच पहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो खाली बघत म्हणाला, की उद्या त्याला पुढच्या गावी कामावर हजर व्हायचंय. पुढच्या गावात इंजिनियरच्या ओळखीचं एक वर्कशॉप आहे. दुपारपर्यंत जमलं नाही, तर गाडी तिकडे नेतो. राग मानू नका. एवढं बोलून तो चहा आणायला गेला.

मी इंजिन सुरू केलं, मीटर घेतला आणि सीटखाली घुसले. रिलेच्या अलीकडे चौदा पॉइंट तीन. पलीकडे बारा पॉइंट एक. इंजिन बंद करून बॅटरीची तार सोडवली, रिले उपटला, झाकण उचकटलं. आतली टोकं कोळशासारखी काळी. मोजायला अर्धं मिनिट लागलं. दोन दिवस आणि अर्धं मिनिट.

आत्याने फळीवरून नवा रिले काढला. खालच्या पिनांचे नंबर जुळवले, जुन्यापेक्षा जास्त अँपिअर झेलणारा निवडला, आणि सल्ला फुकट दिला. तो यायच्या आत गुपचूप बसव. तार ढिली होती म्हणून सांग. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी बसवला. तारा होत्या तशा लावल्या, इंजिन सुरू केलं. टक. पलीकडे चौदा पॉइंट दोन. जुना रिले खरोखरच माझ्या मुठीत होता. तो दोन कप घेऊन आला, आतले दिवे लखलखीत बघून दारातच थांबला.

"रिलेच होता," मी मूठ उघडली. "पहिल्या दिवशीच कळलं असतं. मी मोजलंच नाही."

"का?"

"तिने सांगितलं होतं म्हणून."

तो पायरीवर बसला. मग सगळं सांगितलं. सहा वर्षं त्याचं आणि इंजिनियरचं जमलेलं होतं, लग्न ठरलेलं होतं, ते तिने मोडलं. कारणं चार दिली आणि चारही पटण्यासारखी होती. आता ती फक्त गाडीपुरती, असं म्हणाला. मला त्यात काही दिलासा वाटला नाही. ज्याचं घरच गाडीत आहे, त्याच्या आयुष्यात गाडीपुरती म्हणजे उरलं काय?

"ती कधीच चुकत नाही," तो म्हणाला. "तिच्यासमोर मला नेहमी काहीतरी विसरल्यासारखं वाटायचं. तुम्ही... दोन दिवस सलग चुकत होता. मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं."

माझ्या कामाचं कौतुक लोकांनी अनेक तऱ्हांनी केलंय. ही तऱ्हा नवीन होती. चहा गार झाला आणि आम्ही दोघांनी तो तसाच प्यायला.

रिले बदलला की गाडी तासभर रस्त्यावर पळवून चार्जिंग बघायचं असतं. हा आमचा नियमच आहे, आत्या काही म्हणो. मी मीटर मांडीवर घेऊन शेजारी बसले. खिडकीतून वारा येत होता, ते नेमके शिवलेले पडदे फडफडत होते, मीटरवर चौदा पॉइंट दोन. तासाभराने परत फिरायचं वळण आलं. त्याने गाडी हळू केली, माझ्याकडे बघितलं. मी मीटरकडे बघितलं. वळण मागे गेलं.

"तुला परत जायचं असेल तर..." तो म्हणाला. मॅडम कुठेतरी वाटेत उतरली होती.

तेवढ्यात फोन वाजला. त्याचा एक हात स्टिअरिंगवर, दुसरा गिअरवर होता, म्हणून मी उचलला. तिने व्होल्ट विचारले, मी सांगितले. तुमचं बरोबर होतं, हेही सांगितलं. दात दुखत असताना जेवतात तसं सांगितलं, पण सांगितलं.

"छान. मग परत निघालात ना?"

"नाही," मी म्हटलं. "तपासणी चालू आहे."

"ताई, एवढी तपासणी लागत नाही."

तिचं याही वेळी बरोबर होतं. मी फोन बंद केला, मीटर खाली ठेवला, आणि गिअरवरच्या त्याच्या हातावर हात ठेवला.